संघर्षातून गेलेल्या समाजांत रागाचा त्रास कसा मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्ध, परकी सत्तेचा ताबा, वांशिक हिंसा किंवा वर्षानुवर्षांची दडपशाही सोसलेल्या समाजांत मानसिक आरोग्याची पाहणी करणारे कार्यकर्ते, समुपदेशक आणि विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. जिथे तज्ज्ञांचंच एकमत नाही, तिथे मी माझं मत दिलं आहे. ते मत म्हणूनच वाचावं.

राग तर सगळ्यांनाच येतो. तो मोजायचा कशाला?

राग येतो का, असं विचारलं तर कुठल्याही गावात 'हो' हेच उत्तर मिळेल. त्यातून काही कळत नाही. विचारायचं असतं ते त्याच्या पुढचं. राग किती वेळा उसळतो, किती वेळ टिकतो, आवरता येतो का, आणि त्याची झळ कुणाला बसते? वस्तू फुटतात, मुलांना मार बसतो, काम सुटतं, शेजारी बोलणं टाकतात. ज्याचा राग अनावर होतो तो माणूसही भानावर आल्यावर स्वतःलाच खात बसतो.

हे नुकसान आरोग्यसेवेच्या नोंदींत फारसं दिसत नाही. संघर्षग्रस्त लोकसंख्येत कुठल्याही एका वेळी सुमारे २२.१ टक्के लोकांना मानसिक विकार असतो, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज २०१९ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून सगळीकडे उद्धृत होतो. त्यात नैराश्य, चिंताविकार, पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक विकार), बायपोलर विकार आणि स्किझोफ्रेनिया धरलेले आहेत. अनावर राग धरलेला नाही. आणि जे मोजलं जात नाही त्यासाठी कर्मचारीही नेमले जात नाहीत आणि निधीही मिळत नाही.

पीटीएसडीच्या लक्षणांत राग आहेच ना? मग वेगळा का मोजायचा?

आहे, पण एका कोपऱ्यात. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएम-५ मध्ये, चिडचिड आणि संतापाचे उद्रेक हे पीटीएसडीच्या २० लक्षणांपैकी एक आहे. त्यावर बेतलेल्या पीसीएल-५ या प्रश्नावलीत त्यावर एकच प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, साध्या पीटीएसडीच्या मुख्य लक्षणांत तर राग नाहीच. तिथे प्रसंग पुन्हा अनुभवणं, आठवणी टाळणं आणि धोका अजून टळलेला नाही असं सतत वाटणं, ही तीन लक्षणं आहेत.

राग आणि पीटीएसडी यांचं नातं घट्ट आहे, याबद्दल वाद नाही. ऑर्थ आणि वीलँड यांनी २००६ साली अनेक अभ्यास एकत्र करून हे दाखवलं. सैनिकी गटांत हे नातं आणखी घट्ट दिसलं, आणि घटनेला जितका काळ लोटला तितकं ते ठळक होत गेलं. पण नातं असणं म्हणजे दोन्ही एकच असणं नव्हे. इंडोनेशियाशेजारच्या तिमोर-लेस्ते या छोट्या देशात मनोविकारतज्ज्ञ डेरिक सिलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,५००हून अधिक प्रौढांची पाहणी केली. त्यात एक तृतीयांशाहून जास्त लोकांनी रागाचे वारंवार येणारे झटके सांगितले. पीटीएसडीचं प्रमाण त्या मानाने फारच कमी होतं. फक्त पीटीएसडी शोधणाऱ्या पाहणीच्या हाती यातले बहुतेक लोक लागलेच नसते.

तिमोर-लेस्तेचं नाव या विषयात इतक्यांदा का येतं?

कारण या प्रश्नावर एकाच समाजात इतकी वर्षं सलग काम दुसरीकडे क्वचितच झालं आहे. इंडोनेशियाने डिसेंबर १९७५ मध्ये या देशावर आक्रमण केलं आणि १९९९ पर्यंत ताबा ठेवला. ३० ऑगस्ट १९९९ ला सार्वमत झालं. लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला आणि त्यापाठोपाठ मोठी जाळपोळ आणि हत्या झाल्या. २० मे २००२ ला देश स्वतंत्र झाला. सत्यशोधन आयोगाने २००५ च्या अहवालात या काळातल्या संघर्षामुळे झालेल्या मृत्यूंचा किमान आकडा सुमारे १,०२,८०० धरला. त्यातले बहुसंख्य मृत्यू भूक आणि आजारपणाने झाले होते. मग २००६ मध्ये देशांतर्गत हिंसा उसळली आणि दीड लाखाच्या आसपास लोक बेघर झाले.

या क्रमाला महत्त्व आहे. परक्या सत्तेविरुद्धचा राग स्वातंत्र्यानंतर निवेल असं अनेकांना वाटलं होतं. पण त्यावर गरिबीचा, न मिळालेल्या न्यायाचा आणि आपल्याच लोकांकडून झालेल्या हिंसेचा थर चढला. २००४ आणि २०१० मध्ये त्याच १,०२२ लोकांना पुन्हा भेटून केलेल्या अभ्यासात पीटीएसडीचं प्रमाण २.३ टक्क्यांवरून १६.७ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. काळ हाच उपाय, असं गृहीत धरणाऱ्यांनी हे दोन आकडे जवळ ठेवावेत. एकदाच मोजून 'या समाजात एवढा त्रास आहे' असं लिहिणं किती कच्चं असतं, तेही यातून कळतं.

राग मोजायला तयार प्रश्नावल्या कोणत्या आहेत?

बऱ्याच आहेत. चार्ल्स स्पीलबर्गर यांची स्टॅक्सी-२ ही ५७ प्रश्नांची मापनी आत्ताचा राग, स्वभावातला राग, तो बाहेर काढणं, आत दाबणं आणि त्यावर ताबा ठेवणं हे सगळं वेगवेगळं तपासते. बस आणि पेरी यांची १९९२ ची २९ प्रश्नांची प्रश्नावली आक्रमकता मोजते. राग हा तिचा फक्त एक भाग आहे, त्यामुळे तिचा एकूण स्कोअर 'राग' म्हणून वापरू नये. रेमंड नोव्हाको यांच्या कामातून आलेली डार-५ ही पाचच प्रश्नांची आहे. गेल्या चार आठवड्यांत राग किती वेळा आला, किती तीव्र होता, किती टिकला, कुणाला मारावंसं वाटलं का, आणि लोकांशी जुळवून घेणं अवघड झालं का, असे ते प्रश्न. प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण ५ ते २५, आणि १२ किंवा त्याहून जास्त आल्यास पुढे चौकशी करावी असा संकेत.

छावणीत उन्हात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ५७ प्रश्न विचारणं मला पटत नाही. पाच प्रश्नांची मापनी बरी. पण ती विद्यार्थी आणि माजी सैनिक अशा गटांवर घडवली आणि तपासली गेली आहे. तिथला १२ चा आकडा दुसऱ्या समाजात तसाच लागू होईल, याची खात्री तिथे जाऊन करून घ्यावी लागते.

चांगलं भाषांतर करून घेतलं की काम भागत नाही का?

नाही, आणि या एका गैरसमजापायी जितक्या पाहण्या वाया जातात तितक्या दुसऱ्या कशाने जात नसतील.

नेहमीची पद्धत म्हणजे उलट भाषांतर. १९७० साली रिचर्ड ब्रिस्लिन यांनी ती मांडली. एकाने मूळ भाषेतून स्थानिक भाषेत न्यायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत आणायचं, आणि दोन्ही ताडून पाहायचं. पद्धत उपयोगी आहे, पण तिच्यात एक पळवाट राहते. शब्दाला शब्द ठेवून केलेलं वाईट भाषांतरही परत येताना अगदी नेमकं येतं. 'माझं डोकं फिरलं' हे वाक्य परक्या भाषेत शब्दशः नेलं तर ऐकणारा चक्कर आली असं समजेल. उलट भाषांतर करणारा मात्र ते पुन्हा 'माझं डोकं फिरलं' असंच लिहील. कागदावर सगळं जुळतं आणि माणसाला भलताच प्रश्न विचारला जातो.

नेपाळमधल्या भूतानी निर्वासितांबरोबर काम करताना मार्क व्हॅन ओमेरेन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली जी रीत मांडली, ती मला जास्त कामाची वाटते. प्रत्येक प्रश्न चार बाजूंनी तपासायचा. तो समजतो का? विचारलेला चालतो का, की ऐकणाऱ्याला लाज किंवा भीती वाटते? त्याचा इथल्या जगण्याशी संबंध आहे का? आणि मूळ प्रश्नाचा सगळा आशय आला आहे का? 'नोकरीच्या ठिकाणी तुमचे वाद होतात का' हा प्रश्न समजायला सोपा आहे. पण दहा वर्षं ज्याला काम करायची परवानगीच नाही, त्याला तो विचारून काय मिळणार?

उत्तराच्या पर्यायांकडे तर कुणी पाहतच नाही. 'कधीकधी', 'बऱ्याचदा', 'जवळजवळ नेहमी' यांतल्या पायऱ्या शिकलेल्या माणसाला सवयीच्या असतात. इतरांसाठी रिकाम्यापासून काठोकाठ भरलेल्या पेल्यांची चित्रं दाखवणं, किंवा सरळ 'गेल्या महिन्यात किती वेळा' असा आकडा विचारणं जास्त खात्रीचं.

मग प्रश्न स्थानिक लोकांकडूनच घ्यायचे का?

सुरुवात तिथून करावी. रवांडात १९९४ च्या वंशसंहारानंतर पॉल बोल्टन यांनी जे केलं ते आजही नमुन्यादाखल सांगितलं जातं. आधी गावकऱ्यांना मोकळेपणाने विचारलं, की या घटनांमुळे लोकांना काय काय त्रास होतात. त्यांच्याच शब्दांत याद्या झाल्या. जाणत्या माणसांकडून त्या त्रासांचं सविस्तर वर्णन घेतलं. मग तयार प्रश्नावली त्या वर्णनाशी जुळते का ते पाहिलं, आणि 'याला हा त्रास आहे' असं त्या माणसाने स्वतः आणि त्याच्या ओळखीच्यांनी सांगितलं असेल तर त्याचा स्कोअर खरोखर जास्त येतो का, हेही तपासलं. मनोविकारतज्ज्ञ जवळपास नसताना पडताळणी करायची ही शहाणी वाट आहे.

काबूलमध्ये केनेथ मिलर आणि त्यांच्या अफगाण सहकाऱ्यांनी प्रश्नावलीच स्थानिक बोलीतून उभी केली. तिच्यात 'जिगर खून' आहे, म्हणजे शोकाने पोखरून जाणं, आणि 'असबी' आहे, ज्यात ताण, अस्वस्थता आणि चिडखोरपणा एकत्र येतात. परदेशी प्रश्नावलीत हे तीन रकान्यांत विभागलं गेलं असतं. तिथल्या माणसाला मात्र ते एकच दुखणं वाटतं.

अडचण एकच. अशी प्रश्नावली त्या समाजासाठी उत्तम ठरते आणि तिच्यावरून दुसऱ्या देशाशी तुलना करता येत नाही. माझ्या मते सेवा उभारायची असेल तर स्थानिक प्रश्नावलीकडे झुकावं, आणि देशांची तुलनाच करायची असेल तर समान प्रश्नांचा छोटा गाभा ठेवून भोवती स्थानिक प्रश्न जोडावेत.

सगळीकडे रागाचा भडकाच होतो का?

नाही. आणि भडका मोजणारी प्रश्नावली आत धुमसणारा राग हमखास चुकवते.

इंडोनेशियाच्या ताब्यातल्या पश्चिम पापुआच्या निर्वासितांमध्ये सुसान रीस आणि सिलोव्ह यांनी 'साकित हाती' नावाची अवस्था नोंदवली. शब्दशः दुखणारं हृदय. छळामुळे साठत गेलेला सल आणि राग, जो वर्षानुवर्षं जात नाही. कोरियात 'ह्वाब्युंग' नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुखण्यात दाबलेला राग छातीत गोळा, अंगात आग, धाप अशा रूपांत बाहेर पडतो. कंबोडियात १९७५ ते १९७९ च्या ख्मेर रूज राजवटीतून वाचून अमेरिकेत गेलेल्या निर्वासितांबरोबर डेव्हन हिंटन यांनी काम केलं. तिथे कुटुंबातल्या माणसावर राग आला की धडधड, चक्कर, मानेत कळ असा झटका येतो, आणि 'ख्याल' म्हणजे अंगातला वारा वर चढतोय, या भीतीने तो आणखी वाढतो, असं त्यांना दिसलं.

या माणसांना 'तुम्ही वस्तू फोडता का' असं विचारलं तर उत्तर 'नाही' येईल आणि स्कोअर शून्याजवळ राहील. म्हणून शरीराबद्दल दोन प्रश्न आणि मनात धरून ठेवलेल्या गोष्टींबद्दल एक प्रश्न असावाच.

उलट टोकही आहे. मानववंशशास्त्रज्ञ जीन ब्रिग्ज १९६० च्या दशकात कॅनडाच्या उत्तरेला इनुइट या तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका कुटुंबात राहिल्या. बाहेरून आलेल्या मच्छीमारांवर त्यांनी एकदा उघड राग काढला, आणि त्या राग काढण्यामुळेच त्यांना काही महिने गटातून जवळजवळ वगळलं गेलं. अशा ठिकाणी आवाज चढवणं हेच मोठं लक्षण ठरतं. दुसऱ्या एखाद्या समाजात ते रोजचं बोलणं असतं.

'राग प्रमाणाबाहेर आहे' हे कोण ठरवणार?

डीएसएम-५ मध्ये 'इंटरमिटंट एक्सप्लोसिव्ह डिसऑर्डर' नावाचं निदान आहे. मराठीत त्याला अधूनमधून येणारे रागाचे स्फोट म्हणता येईल. निकष ठरलेले आहेत. शाब्दिक हल्ले किंवा इजा न करणारी मारझोड सरासरी आठवड्यातून दोनदा, सलग तीन महिने. किंवा नुकसान अथवा इजा करणारे तीन स्फोट बारा महिन्यांत. स्फोट आधी ठरवून केलेला नसावा, त्यामागे काही कमावण्याचा हेतू नसावा, आणि चिथावणीच्या मानाने तो फारच मोठा असावा.

संघर्षग्रस्त भागात सगळं घोडं अडतं ते या शेवटच्या अटीवर. आपल्या भावाला ज्याने पकडून दिलं तो माणूस रोज बाजारात समोरून हसत जातो. एके दिवशी तो धक्का देऊन पुढे जातो आणि हा त्याच्यावर तुटून पडतो. चिथावणी धक्क्याची धरायची की भावाची? मुलाखतकार बाहेरचा असेल तर तो धक्काच धरेल. त्याच गावातला असेल तर कदाचित मारामारीची नोंदच करणार नाही.

यावर मला दिसणारा मार्ग असा. मुलाखतकाराने स्वतः निवाडा करू नये. 'त्या वेळी तुम्ही जे केलं ते नंतर तुम्हालाच जास्त वाटलं का? तुमच्या घरच्यांना वाटलं का?' असं विचारावं आणि दोन्ही उत्तरं वेगळी लिहावीत. ज्या रागाबद्दल माणूस स्वतः म्हणतो, 'मला हे थांबवता येत नाही आणि थांबवायचं आहे', तो राग त्रास म्हणून मोजायला मला संकोच वाटत नाही.

अन्यायाविरुद्धच्या रागाला आजार ठरवण्याचा धोका नाही का?

मोठा धोका आहे. जमीन गेली, माणसं गेली, खटला उभाच राहिला नाही, आणि वर कुणीतरी येऊन सांगतं की तुमचा स्कोअर १६ आहे. सत्तेला हे सोयीचं असतं. मागणी करणारा माणूस रुग्ण ठरला की मागणी बाजूला पडते.

म्हणून राग कशाबद्दल आहे हे विचारल्याशिवाय तो किती आहे हे विचारू नये. तिमोर-लेस्तेच्या पाहण्यांत लोकांना वेगवेगळ्या काळांतल्या अन्यायाबद्दल स्वतंत्रपणे विचारलं गेलं, आणि अन्यायाची भावना, गरिबी आणि चालू हिंसा यांचा रागाच्या स्फोटांशी संबंध दिसला. सिलोव्ह यांच्या 'अडॅप्ट' मांडणीत सुरक्षितता, नाती, न्याय, सामाजिक भूमिका आणि जगण्याचा अर्थ असे पाच आधार आहेत. त्यातला न्यायाचा आधार कोसळला की राग वाढतो, असं तिथे मानलं आहे.

पण हे सगळ्यांना मान्य आहे असं समजू नका. मेतिन बाशोग्लू आणि सहकाऱ्यांनी पूर्वीच्या युगोस्लाव्हियातल्या युद्धपीडितांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. त्यांना पीटीएसडी आणि नैराश्याचा संबंध न्याय न मिळाल्याच्या भावनेपेक्षा भीतीशी आणि हातात काही न उरल्याच्या जाणिवेशी जास्त आढळला. अर्थात ते पीटीएसडी मोजत होते, रागाचे स्फोट नव्हेत. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात.

कट-ऑफ कसा ठरवायचा? आकडा एवढा का बदलतो?

कट-ऑफ म्हणजे ज्या स्कोअरपासून पुढे 'त्रास आहे' असं धरायचं ती सीमा. इथे थोडं गणित करावंच लागेल. समजा १,००० लोकांची पाहणी आहे आणि त्यातल्या ८० जणांना खरोखर गंभीर त्रास आहे. तुमची प्रश्नावली त्रास असलेल्यांपैकी ८० टक्के लोक पकडते आणि नसलेल्यांपैकी ८० टक्के लोक बरोबर वगळते. ऐकायला चांगली वाटते. आता मोजा. ८० पैकी ६४ सापडले. उरलेल्या ९२० पैकी १८४ जण चुकून त्यांच्यात आले. एकूण २४८. म्हणजे अहवालात 'जवळजवळ २५ टक्के लोकांना त्रास' असं छापून येईल. खरं प्रमाण ८ टक्के होतं, आणि पकडलेल्या दर चारांपैकी जेमतेम एक खरा होता.

कट-ऑफ वर नेला तर? समजा आता ६० टक्केच सापडतात, पण ९५ टक्के बरोबर वगळले जातात. ४८ खरे, ४६ खोटे, एकूण ९४. प्रमाण ९.४ टक्के, वस्तुस्थितीच्या बरंच जवळ. पण ३२ गरजू माणसं सुटली. मदत द्यायला चाळणी लावायची असेल तर पहिला कट-ऑफ बरा, लोकसंख्येतलं प्रमाण सांगायचं असेल तर दुसरा. एकच कट-ऑफ दोन्ही कामांना वापरला की गोंधळ होतो, आणि अहवालांत तो सर्रास वापरला जातो.

पडताळणीसाठी प्रश्नावलीनंतर थोड्याच दिवसांत प्रशिक्षित व्यक्तीने निदानाची सविस्तर मुलाखत घ्यायची, आणि तिला स्कोअर माहीत नसावा. तिमोर-लेस्तेमध्येच रागाच्या स्फोटांची सामुदायिक प्रश्नावली आणि निदानाची मुलाखत अशा ताडून पाहिल्या गेल्या. एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते: कमी स्कोअर आलेल्या काही लोकांचीही मुलाखत घ्यावी लागते. फक्त जास्त स्कोअरवाल्यांना भेटलं तर किती जण निसटले हे कधीच कळणार नाही.

दोन समाजांचे सरासरी स्कोअर शेजारी ठेवून तुलना करता येते का?

थेट नाही. सारखाच त्रास असलेली दोन समाजांतली माणसं एखाद्या प्रश्नाला वेगळं उत्तर देत असतील, तर सरासरीतला फरक रागाचा नसून त्या प्रश्नाचा असतो. 'मारावंसं वाटलं' या प्रश्नावर हे फार होतं. काही ठिकाणी मनात आलेलं सांगणंसुद्धा केल्याइतकंच गंभीर मानतात. संख्याशास्त्रात याची टप्प्याटप्प्याने चाचणी करतात: आधी प्रश्नांची रचना सारखी आहे का, मग प्रत्येक प्रश्नाचं वजन सारखं आहे का, मग सुरुवातीची पातळी सारखी आहे का. तिसरा टप्पा पार झाल्याशिवाय सरासरींची तुलना छापू नये.

बायकांमध्ये राग कमी असतो का?

कमी सांगितला जातो, हे खरं. कमी असतो असं नाही. तिमोर-लेस्तेमध्ये बायकांच्या स्वतंत्र पाहणीत रागाच्या स्फोटांचा संबंध संघर्षात सोसलेल्या अत्याचाराशी, घरातल्या चालू हिंसेशी, गरिबीशी आणि अन्यायाच्या भावनेशी आढळला. पुरुषांसाठी बनवलेल्या प्रश्नावलीत रस्त्यावरची भांडणं आणि मारामाऱ्या असतात. बाईचा राग बरेचदा घराच्या आत, मुलांवर निघतो, आणि ते सांगायची लाज पुरुषाच्या मारामारीच्या लाजेपेक्षा मोठी असते. प्रश्न विचारणारी बाईच असावी.

हे प्रश्न विचारल्याने कुणाला धोका होऊ शकतो का?

हो. नवऱ्याच्या देखत बायकोला 'घरात मारझोड होते का' असं विचारलं, तर मुलाखतकार गेल्यावर काय होईल ते सांगायला नको. घरगुती हिंसेच्या संशोधनासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये जे नियम घालून दिले ते इथेही पाळावेत. मुलाखत पूर्ण एकांतात व्हावी, एका घरातून एकाच बाईला विचारावं, पाहणीचं बाहेर सांगायचं नाव सौम्य असावं, कुणी मध्येच आलं तर बदलायला दुसरे साधे प्रश्न तयार असावेत, आणि मदत कुठे मिळेल हे आधी ठरलेलं असावं.

दुसरा धोका राजकीय आहे. कुणाचा राग कुणावर आहे, ही यादी चुकीच्या हातात गेली तर तिचा उपयोग वेगळाच होतो. गटाचं किंवा व्यक्तीचं नाव लिहून घेण्याची गरज जवळजवळ कधीच नसते.

लोक खरं सांगतात का?

पुरेसं सांगतात, मात्र विचारणारा कोण आहे त्यावर उत्तर हलतं. धान्य किंवा निवारा देणाऱ्या संस्थेचा माणूस विचारत असेल तर त्रास वाढवून सांगितला जातो. गणवेशातला किंवा सरकारी माणूस असेल तर राग गायब होतो. मुलाखतकार विरुद्ध बाजूच्या गटातला असेल तर पाहणी न केलेलीच बरी.

रागामागे दुसरं काही कारण असू शकतं का?

असतं. स्फोटात किंवा मारहाणीत डोक्याला लागलेला मार, दारू, झोपेचा सततचा अभाव, दीर्घ वेदना, नैराश्य, फेफरं. डोक्याला मार लागून शुद्ध हरपली होती का, हा एक प्रश्न जवळजवळ फुकट विचारता येतो. तरी तो बहुतेक प्रश्नावल्यांत नसतो.

वेळ आणि पैसा कमी आहे. निदान काय करावं?

दहा-बारा जणांशी मोकळं बोलून रागाबद्दलचे स्थानिक शब्द गोळा करा. पाच-सहा प्रश्न ठरवा आणि ते आणखी थोड्या लोकांना विचारून 'तुम्हाला यातून काय समजलं' ते त्यांच्याच शब्दांत ऐका. त्यात निम्मे प्रश्न बदलतील. वारंवारता आकड्यात विचारा. राग कशाबद्दल आहे आणि त्यामुळे काय बिघडलं, यासाठी दोन ओळी मोकळ्या ठेवा. आणि पडताळणी झालेली नसेल तर अहवालात 'इतक्या टक्के लोकांना विकार आहे' असं लिहू नका. 'इतक्या टक्के लोकांनी महिन्यातून एकदा तरी अनावर राग आल्याचं सांगितलं' असं लिहा.

मोजून झाल्यावर देण्यासारखा उपचार आहे का?

आहे. रागाची चाहूल ओळखणं, अंग सैल सोडणं, प्रसंगाचा दुसरा अर्थ लावून पाहणं, बोलून प्रश्न सोडवणं यांवर आधारलेले थोड्या बैठकांचे कार्यक्रम आहेत, आणि डॉक्टर नसलेले प्रशिक्षित कार्यकर्तेही ते चालवू शकतात. पण उपासमार आणि धमक्या चालूच असतील तर बैठकींचा परिणाम तोकडाच राहणार. समुपदेशनाबरोबर कायदेशीर मदत आणि रोजगार आणणाऱ्या संस्थांना पाहणीचे निकाल आधी दाखवावेत, असं मला वाटतं.

मोठ्यांचीच प्रश्नावली मुलांसाठी चालेल का?

नाही. डीएसएम-५ मधलं 'इंटरमिटंट एक्सप्लोसिव्ह डिसऑर्डर' हे निदान सहा वर्षांखालच्या मुलांना लागूच होत नाही, आणि त्यापुढच्या वयातही मूल स्वतः काय सांगतं आणि आई किंवा शिक्षक काय सांगतात यात बरंच अंतर असतं. दोघांनाही विचारा आणि उत्तरांची सरासरी काढू नका. ती दोन वेगळ्या रकान्यांतच राहू द्या.